खालाच्या शेकोटीची चौकट

रियाधमध्ये थंडी पडते असं गावी कुणाला सांगितलं, तर लोक मला थापाडी समजतात. सौदी म्हणजे वाळू आणि ऊन, एवढंच त्यांना ठाऊक. पण डिसेंबर-जानेवारीत इथल्या फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही आणि दुपार कलली की गल्लीत लाकडाच्या धुराचा वास पसरतो. इथली जुनी माणसं बैठकीच्या खोलीत शेकोटी ठेवतात. आपली चूल असते तशीच, फक्त तिच्यावर भात शिजत नाही, कॉफी उकळते. भिंतीला लागून विस्तवाची चौकोनी जागा, दोन्ही बाजूंना लाकडी खांब, वर रुंद फळी, आणि त्या फळीवर चोचवाल्या पितळी किटल्या थोरलीपासून धाकटीपर्यंत ओळीने मांडलेल्या.

आमच्या खालच्या मजल्यावर अशी एक शेकोटी होती आणि तिच्याशेजारी एक म्हातारी होती. घर तिचंच. आम्ही वरच्या मजल्यावरचे भाडेकरू. आमच्याकडे रत्नागिरीच्या बाजूच्या मुसलमानांत मावशीला खाला म्हणतात, अरबीतही खालाच म्हणतात, त्यामुळे काय हाक मारायची हा प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला. ती मला बिंती म्हणायची, म्हणजे माझी मुलगी. सुरुवातीला वाटलं, ही सगळ्यांनाच बिंती म्हणत असेल. तसं नव्हतं. समोरच्या इमारतीतल्या बाईला ती जे म्हणायची ते मी इथे लिहिणार नाही.

स्वभावाने खाला तिखट होती. मीही काही कमी नाही, म्हणून जमलं असावं. मी वर सुके बोंबील भाजायला घेतले की ती खालच्या सगळ्या खिडक्या धडाधड लावून घ्यायची, मला ऐकू यावं म्हणून मुद्दाम जोरात. मग संध्याकाळी मी खापरोळ्या, म्हणजे आमचे जाळीदार घावन, घेऊन खाली गेले की नाक मुरडत विचारायची, ह्यांना माशाचा वास नाही ना लागलेला? आणि एकेक करत सगळ्या संपवायची. कामाला ठेवलेल्या बायका तिच्याकडे टिकल्या नाहीत. शेवटची सुट्टीवर गेली ती परतलीच नाही, आणि खालाने दुसरी ठेवू दिली नाही. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन मदिनेला, मुलगा शहराच्या उत्तर टोकाला नव्या मोठ्या घरात. तो दर शुक्रवारी बायकोमुलांना घेऊन येई, तिच्या कपाळाचं चुंबन घेई आणि दर शुक्रवारी तेच म्हणे, आई, आता आमच्याकडे चल.

रोज दुपारची असरची नमाज झाली की खाला विस्तव पेटवायची. वेलदोड्याचा वास जिन्याने वर आला की मी हातातलं शिवण ठेवून खाली जायची. मी घरी शिवणकाम करते. इथल्या भारतीय शाळेतल्या शिक्षिकांचे ब्लाऊज, मुलींचे गणवेश, कुणाच्या अबायाची, काळ्या झग्याची, तुरपाई. मुलगी होती तोवर घर भरलेलं असायचं. ती कॉलेजसाठी मुंबईला गेली आणि फोनवर अर्ध्या हिंदीत, अर्ध्या इंग्रजीत दोन मिनिटं बोलण्यापुरती उरली. आमचे हे सकाळी अल सुलैच्या लाकडाच्या वखारीत जातात ते अंधार पडल्यावर येतात. मधला सगळा दिवस मी, शिवणयंत्र आणि खाली खाला. माझी अरबी बाजारापुरती, तिला हिंदीचा एक शब्द येत नाही, तरी आमचं भांडणसुद्धा व्यवस्थित व्हायचं.

मागच्या थंडीत एक दिवस असर झाली आणि वास आला नाही. मी थोडा वेळ थांबले. वाटलं, झोपली असेल. मग राहवेना. खाली गेले, दार नेहमीसारखं नुसतं लोटलेलं होतं. खाला न्हाणीघरात पडलेली होती. शुद्धीत होती, थंडीने काकडत होती, आणि मला बघून पहिलं काय म्हणाली तर, डोक्यावर ओढणी टाक, मुलगा येईल. माझ्या नाही, तिच्या डोक्यावर. मी टाकली, मुलाला फोन केला, आणि तो येईपर्यंत तिला गोधडीत गुंडाळून तिथेच फरशीवर तिच्याजवळ बसून राहिले. मनगट मोडलं होतं. बाकी हाडं शाबूत निघाली. पण ती सकाळपासून पडलेली होती, आणि मी वर बसून यंत्र चालवत होते. त्या आवाजात तिची हाक मला ऐकू आली नव्हती.

त्यानंतर मुलाने विनंती सोडून हट्ट धरला. त्याचं चुकत नव्हतं. मीसुद्धा त्याच्या बाजूने बोलले. खालाने सगळं ऐकून घेतलं आणि प्लास्टरातला हात शेकोटीकडे केला. म्हणाली, हिच्याजवळ कोण बसणार? तुझ्या घरात विस्तव नाही. मुलगा म्हणाला, आहे की, बैठकीत गॅसची शेकोटी बसवली आहे, काचेची. खाला म्हणाली, काचेमागची आग म्हणजे टीव्ही.

पुढच्या आठवड्यात तो आमच्याकडे वर आला. पहिल्यांदाच. मी चहा ठेवला. तो ह्यांच्याशी बराच वेळ बोलत होता आणि बोलता बोलता मोबाईलवरचे शेकोटीचे फोटो दाखवत होता. त्याचं म्हणणं असं की घरातली गॅसची काच काढून तो तिथे विटांची खरी शेकोटी बांधून घेतो, धुराड्याची सोय आहेच. पण तिच्याभोवतीची लाकडी चौकट, ते खांब, ती फळी, ते सगळं आईच्या शेकोटीसारखं हुबेहूब हवं. बाजारात मिळतात त्या चकचकीत असतात, आई एका नजरेत ओळखेल. खाली आहे ती काढून न्यायची तर भिंतीसकट येईल, आणि तिला कळलं तर आपल्याला कुणालाच घरात घेणार नाही. तुम्ही लाकडातले माणूस, तुम्ही करा. तिला आधी सांगायचं नाही. एकदा सगळं लावून, पेटवून तिला नेऊन बसवलं की ती नाही म्हणणार नाही.

आमचे हे एवढे खूश झाले की मला रागच आला. ह्यांचे वडील गावात दारं-खिडक्या करायचे. ह्यांनी जन्मभर लाकूड मोजलं, विकलं, ट्रकवर चढवलं, पण स्वतःच्या हाताने काय केलं असेल तर एक स्टूल, तेही डुगडुगतं. निवृत्तीला आलेल्या माणसाला कुणीतरी येऊन सांगावं की तू सुतार आहेस, मग काय विचारता.

तो गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, तुम्हाला कळतंय का आपण काय करायला निघालोय? ती गेली की खाली कोण? हे म्हणाले, ती पडली होती गो. परत पडली आणि तू बाजारात गेलेली असलीस तर? उत्तर नसलं की मी भांडी घासायला घेते. त्या दिवशी घासलेलीच भांडी परत घासली.

मापं घेण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण खाली जायला मला कारण लागत नव्हतं. खाला दुपारी आडवी झाली की मी शिवणाची टेप घेऊन शेकोटीपाशी जायची. खांबाची उंची, फळीची रुंदी, फळीच्या कडेची गोलाई, सगळं मी कपड्याच्या टेपने मोजलं आणि ब्लाऊजचं माप लिहावं तसं लिहून आणलं. हे वाचून हसले. म्हणाले, बाही कुठली आणि गळा कुठला? खांबांवर त्रिकोणांची नक्षी होती, काळ्या, तांबड्या, पिवळ्या रंगाची. त्यावर बटर पेपर ठेवून मी ती पेन्सिलीने उतरवून घेतली. एकदा पेपर उचलते तर खाला कुशीवर वळून माझ्याकडेच बघत होती. मी म्हटलं, भरतकामासाठी नक्षी घेतेय. तिने डोळे मिटून घेतले.

सुतारकाम आमच्या गच्चीवर चालू झालं. हे शुक्रवारी-शनिवारी दिवसभर आणि एरवी वखारीतून आल्यावर उजेड असेल तेवढा वेळ वर असायचे. बंदरावरून नुकत्याच आलेल्या गठ्ठ्यातल्या फळ्या त्यांनी निवडून आणल्या होत्या. करवत, रंधा, ठोकाठोकी, सगळीकडे भुसा. माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर भुसा, गव्हाच्या पिठावर भुसा. शेकोटीच्या वर भिंतीला लावायचा जो भाग होता, त्यात उभ्या फळ्या एका चौकटीत बसवायच्या होत्या. ह्यांनी दोन फळ्यांमध्ये बारीक फट ठेवली. मी विचारलं, ही फट कशाला? तर मोठ्या ऐटीत म्हणाले, लाकूड फुगतं, जागा ठेवावी लागते, माझ्या बापाने मला एवढं एकच शिकवलंय.

सासऱ्यांनी शिकवलं ते खरंच होतं. आमच्या गावात जूनपासून चार महिने दारं बंद होत नाहीत, कपाटं उघडत नाहीत, एवढं लाकूड फुगतं. पण हे रियाध आहे. इथे लाकडात होतं नव्हतं ते पाणी हवा ओढून घेते. आठ-पंधरा दिवसांत त्या फळ्या अशा आक्रसल्या की फटीतून पलीकडची पाण्याची टाकी दिसायला लागली. हे बघत उभे राहिले. मला हसू आवरेना आणि ते ह्यांना दिसलं. इतकी वर्षं ह्या वाळवंटात लाकूड विकणारा माणूस, हातात रंधा आल्याबरोबर थेट गावच्या पडवीत जाऊन पोचला होता. पुढचा शुक्रवार सगळं सोडवण्यात गेला. फळ्या चांगल्या वाळू दिल्या आणि मग एकमेकींना घट्ट भिडवून बसवल्या.

नक्षी मी काढली. खडूने, शिवणाच्या चाकाने टिंबं पाडून, मग ब्रशने रंग. सुरुवातीला मुद्दाम हळू करत होते. वाटायचं, हे जेवढं लांबेल तेवढं बरं. मग दुपारी खाला माझ्याकडे यायला आमच्या दारापर्यंत जिना चढायला लागली. प्लास्टर निघालं होतं तरी तोल जायचा. ती पायरीवर मध्येच थांबली की मी धावत जाऊन तिचा हात धरायची, तिला खाली सोडायची आणि मग गच्चीवर येऊन भराभर रंगवायची. असं चाललं होतं. मला ती जवळ हवी होती आणि ती खाली एकटी राहायला नको होती. दोन्ही खरं होतं आणि त्यातलं एकही मला तिला सांगता येत नव्हतं.

तिने विचारलं मात्र होतं. एका संध्याकाळी वर करवत चालू असताना तिने छताकडे बोट केलं आणि भुवया उंचावल्या. मी म्हटलं, हे करत बसतात काहीतरी, लाकडाचं. तिने मान हलवली. फिंजानमध्ये, त्या बिनकानाच्या चिमुकल्या कपात, कॉफी ओतली, स्वतःच्या नाही, माझ्या. मग मला अचानक माझ्या मुलीबद्दल विचारायला लागली. ती एकटी राहते का, जेवते का, आईची आठवण काढते का. मी म्हटलं, काढत असेल. खाला म्हणाली, काढतेच. आईजवळ मुलगी असावी.

त्यानंतर ती बदलली. चिडणं कमी झालं. बोंबील भाजले तरी खिडक्या वाजल्या नाहीत, त्याची मला जास्त धास्ती वाटली. एक दिवस वेलदोडे कुटायचा पितळी खलबत्ता माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, हा तुझ्याकडे असू दे. तिच्या आईचा होता तो. दुसऱ्या दिवशी एक ठेवणीतली शाल. मी नको नको म्हणत होते आणि ती ऐकत नव्हती. मी वर येऊन ह्यांना म्हटलं, तिला कळलंय. मुलाने सांगितलं असेल, नाहीतर माझ्या तोंडावरून कळलं असेल. ती जायची तयारी करतेय. हे म्हणाले, मग बरंच झालं की. बरंच होतं. मी खलबत्ता ओट्यावर ठेवला आणि तो वापरायचं मला धाडस होईना.

आणि मग एका शुक्रवारी मुलगा नेहमीचं वाक्य म्हणाला, आई, आता आमच्याकडे चल, आणि खाला म्हणाली, चल.

चौकट अजून गच्चीवरच होती. दुसऱ्या खांबाचा रंग ओला होता. मुलगा धावत वर आला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याने ह्यांना मिठी मारली, अल्लाचे आभार मानले आणि म्हणाला, तिने स्वतःहून हो म्हटलं. हे त्याच्या पाठीवर थोपटत राहिले, पण चेहरा थोडा पडला होता. एवढी मेहनत केली आणि ती बघायच्या आधीच म्हातारी कबूल झाली. तरी चौकट लावायची ठरली. आमच्या ह्यांनी वखारीतली गाडी आणून ती नेली आणि दोन दिवस तिथे राबून बसवून दिली.

ज्या दिवशी खाला गेली त्या दिवशी मी खाली गेले नाही. गॅलरीतून बघितलं. ती गाडीत बसायच्या आधी थांबली आणि वर बघितलं. मी हात केला. तिने हात केला नाही, छातीवर ठेवला. त्या दुपारी असर झाली आणि घर एवढं गप्प होतं की मी यंत्र चालवायला घेतलं तर त्याचा आवाज सहन होईना.

आठवड्याने मुलाचं बोलावणं आलं. नव्या शेकोटीतली कॉफी प्यायला तुम्ही दोघांनी यायलाच हवं, तुमच्याशिवाय काय. मी नवा ड्रेस घातला, खापरोळ्या केल्या. वाटेत हे सारखे सांगत होते की बघ, फळी कशी बसली आहे बघ, एक सूतभर फरक नाही.

खरंच सुंदर दिसत होती. मोठ्या उजळ खोलीत ती काळी-तांबडी चौकट, आत खरी लाकडं पेटलेली, वर खालाच्या किटल्या ओळीने. खाला शेजारी उशीला टेकून बसली होती. चेहऱ्यावर तेज आलं होतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. सुनेने न्हाणीघरात धरायला दांड्या बसवल्या होत्या, रात्री शेजारच्या खोलीत नात झोपायची. माणसं चांगली होती. मला बघून खाला उठायला लागली, मी धावत जाऊन तिला बसवलं आणि तिच्याजवळ बसले. तिने माझा हात हातात घेतला तो सोडला नाही. कॉफी झाली. खजूर झाले. तिने खापरोळीचा तुकडा तोडला, वास घेतला आणि नाक न मुरडता खाल्ला. मग मला विचारलं,

"तुमचं विमान कधी आहे?"

मला वाटलं, माझी अरबी कमी पडतेय. मी ह्यांच्याकडे बघितलं. ह्यांनाही कळलं नव्हतं. कुठलं विमान, असं ह्यांनी विचारलं, तेव्हा खालाने शांतपणे सांगितलं. वर राहणारे लोक कायमचे जातात तेव्हा गच्चीवर लाकडाच्या पेट्या करतात, सामान समुद्राने पाठवायला. तुमच्या आधी केरळचे होते त्यांनी केल्या, त्यांच्या आधी लाहोरचे होते त्यांनीही केल्या. मला करवतीचा आवाज ओळखता येतो. तुझ्या मुलीजवळ जाणार, चांगलं आहे. कधी जाणार तेवढं सांग, मी येईन निरोप द्यायला.

मी तिचा चेहरा बघत होते आणि एकेक गोष्ट मला उलगडत गेली. तो खलबत्ता, ती शाल, ते मुलीबद्दलचं विचारणं. ती स्वतः जायची तयारी करत नव्हती. मला पाठवायची तयारी करत होती. आणि मी जाणार म्हणून तिने मुलाला हो म्हटलं होतं. तिच्या त्या सगळ्या हट्टाचा शेकोटीशी काही संबंधच नव्हता.

मुलालाही ते कळलं. तो माझ्याकडे बघत होता आणि त्या बघण्यात विनवणी होती. हे माझ्या बाजूला वाकले आणि मराठीत हळूच म्हणाले,

"हो म्हण गो. एक महिन्याने जातोय म्हण. बरी राहिली आहे ती इथे."

बरी राहिली होतीच. हो म्हटलं असतं तर ती तिथेच राहिली असती, उबेत, माणसांत, दांडीला धरून न्हाणीघरात जात. महिन्याने मी तिच्या मनातून विमानात बसून निघून गेले असते. आणि मग मला पुन्हा कधी ह्या दारात येता आलं नसतं. रियाधमध्येच राहून, तिच्यापासून अर्ध्या तासावर. हे मला जमणार नव्हतं. तिच्या भल्यासाठीसुद्धा जमणार नव्हतं. मी स्वार्थी आहे म्हणा हवं तर.

"खाला," मी म्हटलं, "विमान नाही. आम्ही कुठेही जात नाही. आम्ही पेट्या करत नव्हतो. हे करत होतो." आणि मी चौकटीकडे हात केला.

ती चौकट मुलाने कुणा सुताराकडून करवून घेतली असंच खाला समजत होती; आता ती वळून बघायला लागली. तिची बोटं खांबावरच्या त्रिकोणांवरून फिरली, मी रंगवलेल्या. मग ती माझ्याकडे वळली तेव्हा चिडलेली होती. खरोखरची चिडलेली, पूर्वीसारखी.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मला विचारलं का नाहीत?"

मी जाणार का, हे तिला माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. ती जाणार का, हे मला तिच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणून आम्ही दोघी रोज समोरासमोर बसून कॉफी पीत होतो आणि बाकी सगळ्या विषयांवर बोलत होतो.

तिने काठी मागितली. मुलाला म्हणाली, गाडी काढ, मला घरी ने. मुलगा तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. आई, तू तिथे पडलीस, तो म्हणाला. खाला त्याच्या गालावर हात ठेवून म्हणाली, पडले तेव्हा हीच आली ना. हे ती वाईट बोलली नाही, पण त्याला लागलं. मला त्याच्याकडे बघवेना. हा माणूस दर शुक्रवारी शहर ओलांडून येत होता, ह्याने घराची भिंत फोडून शेकोटी बांधली होती, आणि आईला माझ्या जिन्याखाली राहायचं होतं. त्याच्या जागी माझी मुलगी असती तर तिला काय वाटलं असतं, तेही माझ्या मनात येऊन गेलं.

मी मध्ये पडले. माझ्या मोडक्या अरबीत मी सांगितलं की एकटीने राहायचं नाही. मुलाने एक बाई ठेवायची आणि खालाने तिला पळवून लावायचं नाही. न्हाणीघरात इथल्यासारख्या दांड्या. यंत्र चालवताना मी गॅलरीचं दार उघडं ठेवीन. आणि शुक्रवारी उलटं, खालाने इथे यायचं, ह्या शेकोटीजवळ बसायचं. खालाने दोन अटींवर नाक मुरडलं आणि सगळ्या मान्य केल्या. सून आत जाऊन तिचा अबाया घेऊन आली आणि तो तिला घालताना रडत होती.

मुलगा गाडीची चावी घेऊन दारापाशी उभा होता. सगळे पुढे गेल्यावर त्याने मला थांबवलं. त्याला रागावता आलं असतं, तो रागावला नाही. त्याने विचारलं,

"तुम्ही खरंच राहणार ना? ती आहे तोवर तरी?"

आमचा इकामा, म्हणजे इथे राहण्याचा परवाना, वर्षावर्षाने नवा होतो. माझा ह्यांच्या इकाम्याला बांधलेला, ह्यांचा वखारीच्या मालकाच्या मर्जीला. ह्यांची साठी जवळ आली आहे, आणि मालकाने पुढच्या वर्षाचं अजून काही सांगितलेलं नव्हतं. हे माझ्या मागेच उभे होते. मी काय म्हणते ते ऐकायला थांबले होते, आणि मला अडवत नव्हते. बाहेर खाला गाडीत बसली होती, काच खाली करून माझ्या नावाने हाका मारत होती, यल्ला, यल्ला, चल लवकर, असर होऊन गेली, विस्तव कधी पेटवणार.

"राहणार," मी त्याला सांगितलं.